तुम्ही विचारलंत म्हणून: ती खरंच साडेचार वर्षं उपाशी होती का?

खोल समुद्रातल्या प्राण्यांवर बोलायला कुठेही गेले, की शेवटी एक हात वर होतोच. "मॅडम, ती ऑक्टोपस आई खरंच साडेचार वर्षं काही न खाता अंड्यांवर बसून होती का?" शाळेत विचारतात, महिला मंडळात विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या एका काकांनीही विचारलंय. मातृदिन आला की तिच्यावरचा मेसेज फिरू लागतो, खाली जोडलेल्या हातांची रांग. 'समुद्रातली हिरकणी' असंही कुणीतरी तिला म्हणतंच. तेव्हा एकदा नीट लिहून ठेवते.

उत्तर आहे, बहुधा हो. 'बहुधा' का, ते ऐका.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मॉन्टेरेच्या उपसागरात समुद्राखाली एक प्रचंड दरी आहे. तिथल्या 'एमबारी' या संशोधन संस्थेचे ब्रूस रॉबिसन आणि त्यांचे सहकारी दूरनियंत्रित पाणबुडी घेऊन त्या दरीत वरचेवर उतरायचे. २००७ च्या वसंतात सुमारे १,४०० मीटर खोलीवर त्यांना ग्रॅनेलेडोने बोरिओपॅसिफिका या जातीची एक मादी खडकाकडे सरकताना दिसली. ३८ दिवसांनी पुन्हा गेले, तर तीच मादी उभ्या खडकाला चिकटून अंड्यांवर बसलेली. तीच कशावरून? अंगावरचे जखमांचे व्रण जुळले. म्हणजे अंडी कधी घातली ते जवळपास नेमकं कळलं. अशी संधी खोल समुद्रात सहसा मिळत नाही.

पुढे २०११ च्या सप्टेंबरपर्यंत ते तिला भेटत राहिले, एकूण १८ वेळा. दर वेळी ती त्याच जागी, तशीच, हात अंड्यांवर पसरून. आत पिल्लं वाढत होती, अंडी मोठी होत होती, आणि ती स्वतः आटत चालली होती. जांभळट कातडी पांढुरकी पडली, सैल लोंबू लागली, डोळे गढूळ झाले. शेजारून कोळंबी आणि खेकडे आरामात जायचे. अंड्यांच्या वाटेला गेले नाहीत तर ती त्यांच्याकडे बघायचीही नाही. पाणबुडीच्या यांत्रिक हातानं खेकड्याचा तुकडा तिच्यापुढे धरून पाहिला, तिनं घेतला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये पाणबुडी पोचली तेव्हा मादी नव्हती. खडकावर अंड्यांची फाटकी रिकामी टरफलं होती, साधारण १६० पिल्लांची. ५३ महिने. त्यावरचा शोधनिबंध २०१४ मध्ये आला.

तर 'बहुधा' एवढ्याचसाठी, की १८ भेटी म्हणजे अखंड पहारा नव्हे. पण तिला खाताना कधीच कुणी पाहिलं नाही, आणि उथळ पाण्यातल्या माद्याही अंडी राखताना खाणं टाकतात. त्यामुळे तिनं चोरून जेवण उरकलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

आता, साडेचार वर्षं उपाशी राहून जगता येतं कसं? इथे मेसेज लिहिणारे ममतेकडे वळतात. मी थर्मामीटरकडे वळते. त्या कड्यावर पाण्याचं तापमान जेमतेम ३ अंश सेल्सिअस होतं. ऑक्टोपस थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी गार तर शरीराचा सगळा कारभार मंद. ती बसल्या जागेवरून हलत नव्हती, म्हणजे खर्च आणखी कमी. साठवलेल्या अंगावर दिवस काढता येतात. पण हीच थंडी अंड्यांनाही लागू आहे! पिल्लांची वाढही तितकीच मंद. म्हणजे ज्या गारठ्यामुळे तिला इतका काळ तग धरता आला, त्याच गारठ्यामुळे इतका काळ बसावंही लागलं.

शिवाय धोरणाचाही भाग आहे. उथळ समुद्रातली साधी ऑक्टोपस मादी लाखाहून जास्त बारीक अंडी घालते, काही आठवडे ते काही महिने राखते, आणि पिल्लं प्रवाहात वाहून जातात. त्यातली बहुतेक कुणाच्या तरी पोटात. ग्रॅनेलेडोनेनं दीडशेच्या आसपास अंडी घातली, पण मोठी. पिल्लू बाहेर पडतं ते हातपाय फुटलेलं, शिकार करायला जवळपास तयार. तोवर प्रत्येक अंड्याला ताजं, प्राणवायूचं पाणी मिळायला हवं, वर गाळ साचता कामा नये, खेकडे लांब हवेत. हे सगळं काम तिचं.

हिरकणीची तुलना मला म्हणूनच खटकते. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर कडा उतरायचा की नाही, हे हिरकणीनं ठरवलं. ऑक्टोपसच्या बाबतीत ठरवायचा भाग फार थोडा दिसतो. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की या संशोधकानं कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या जातीच्या माद्यांवर प्रयोग केला. अंडी घालून बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागच्या दोन बारीक ग्रंथी त्यानं काढून टाकल्या. माद्यांनी अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागल्या, वजन वाढलं, आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जगल्या. म्हणजे उपास आणि मरण दोन्ही त्या ग्रंथींच्या हुकमावर. महिला मंडळात हे सांगितलं की हॉलमध्ये जरा नाराजी पसरते. मला मात्र हे त्या मेसेजपेक्षा जास्त थरारक वाटतं.

आणि खोल समुद्रातली प्रत्येक ऑक्टोपस आई अशी बसते असंही नाही. कानासारखे पर असलेले डंबो ऑक्टोपस तिच्याहूनही खाली राहतात. हिंदी महासागरात जावाजवळच्या गर्तेत एक तर ६,९५७ मीटरवर दिसलाय. त्यांची अंडी जाड कवचाची. मादी प्रवाळासारख्या टणक आधाराला एकेक अंडं चिकटवते आणि पुढे निघून जाते. तिच्यावर कुणी मेसेज करत नाही.

थंडीचा मुद्दा मी उगाच ताणतेय असं वाटत असेल, तर मॉन्टेरेजवळच्याच डेव्हिडसन या समुद्राखालच्या विझलेल्या ज्वालामुखीकडे बघा. तिथे ३,२०० मीटरवर २०१८ मध्ये हजारो ऑक्टोपस माद्या खडकांच्या भेगांशी दाटीवाटीनं बसलेल्या सापडल्या. जात वेगळी, म्यूसॉक्टोपस रोबस्टस. आजूबाजूचं पाणी १.६ अंशांचं, पण त्या भेगांतून कोमट पाणी झिरपतं आणि घरट्याशी ते ५ अंशांच्या आसपास जातं. एवढ्याशा फरकानं अंडी दोन वर्षांच्या आत उबतात. बाहेरच्या गार पाण्यात त्यांना पाच ते आठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागली असती, असा हिशेब २०२३ च्या शोधनिबंधात आहे.

यानंतर हमखास येणारा उपप्रश्न म्हणजे, "आणि बाप?" बहुतेक जातींत नराच्या उजवीकडच्या तिसऱ्या हाताचं टोक खास त्याच कामासाठी घडलेलं असतं. त्या हातानं तो शुक्राणूंची पुडी मादीच्या स्वाधीन करतो आणि चालू पडतो. मुलींच्या शाळेत इथे मागच्या बाकावरून "वाटलंच" असं ऐकू येतं. पण त्यालाही फार दिवस मिळत नाहीत. उथळ पाण्यातल्या ज्या जातींचा नीट अभ्यास झालाय, त्यांत नराचंही खाणं सुटतं, कातडीवर जखमा होतात, त्या भरत नाहीत, आणि थोड्याच काळात तो मरतो. अंडी न राखताच.