तुम्ही विचारलंत म्हणून: चट्ट्याचा कॅन्सर होतो तरी कधी?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंट मला भेटत नाहीत, त्यांचे तपासायला काढलेले तुकडे भेटतात. तरी ओळखीतलं कोणी ना कोणी रिपोर्टचा फोटो पाठवतंच आणि प्रश्न ठरलेला असतो: "अ‍ॅक्टिनिक केराटोसिस (उन्हाने त्वचेवर येणारा खरखरीत चट्टा), प्रीकॅन्सर असं लिहिलंय, म्हणजे कॅन्सर नाही ना? मग होणार कधी? कुठलं जीन बिघडलं की होतो?"

पूर्वी याचं माझं उत्तर एकदम झकास असायचं. कागदावर जिना काढायचे, खाली नॉर्मल त्वचा, मग केराटोसिस, मग अख्ख्या जाडीत बिघडलेल्या पण अजून जागेवरच असलेल्या पेशी, आणि सगळ्यात वर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्याच पेशींचा कॅन्सर, पायरीगणिक एकेका जीनचं नाव. समोरच्याला पटायचं, मलाही आपण हुशार वाटायचो. मग एकदा, जिच्या आईला असा चट्टा होता त्या मैत्रिणीने तो कागद उलटसुलट करून विचारलं, "बरं, मग आई कितव्या पायरीवर आहे?" आणि माझी बोलती बंद. स्लाइडवर पेशी किती बिघडल्यात ते सांगता येतं, पण जीन्सच्या हिशोबात तो चट्टा कुठे उभा आहे ते नाही सांगता येत, कारण असा जिना मुळात नसतोच.

टीपी५३ पासूनच बघा ना, सगळ्यात गाजलेलं जीन. उन्हातली अल्ट्राव्हायोलेट किरणं डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवतात, आणि ती दुरुस्ती चुकली की सी च्या जागी टी येतं, कधीकधी तर दोन सी च्या जागी दोन टी. हा उन्हाचाच ठसा. १९९१ मध्ये डग्लस ब्रॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेच्या कार्सिनोमात टीपी५३ वर नेमका हाच ठसा दाखवला. आता या जीनचं काम काय, तर डीएनए फार बिघडला की पेशीला थांबवायचं नाहीतर सरळ मारून टाकायचं. उन्हाने कातडी भाजते तेव्हा वरच्या कितीतरी पेशी अशाच मरतात, आणि ते चांगलंच असतं. पण ज्या पेशीतलं टीपी५३ च बिघडलंय ती मरत नाही, शेजारणी मरून जागा रिकामी होते आणि ही तिथे पसरते. म्हणजे ऊन दोनदा काम करतं, आधी बिघाड करतं आणि मग त्याच बिघाडाला मोकळं रान देतं.

हे डोळ्यांनी दिसतं बरं का. केराटोसिसच्या स्लाइडवर वरचा थर गुलाबी-निळा-गुलाबी असा पट्ट्यापट्ट्यांचा असतो, गुलाबी तिथे बिघडलेल्या पेशींचा पापुद्रा आणि निळा तिथे केसाचं छिद्र, कारण केसाच्या मुळाकडून येणाऱ्या पेशी बऱ्याचदा वाचलेल्या असतात. त्यावर पी५३ चा (टीपी५३ पासून बनणाऱ्या प्रोटीनचा) स्टेन, म्हणजे रंग केला की बिघडलेल्या पेशींची केंद्रकं गडद तपकिरी होतात, बिघडलेलं प्रोटीन लवकर मोडत नाही, साठत राहतं म्हणून. (कधीकधी उलट होतं, जीन इतकं मोडतं की प्रोटीन बनतच नाही आणि तो भाग कोरा दिसतो. शिकत असताना मी अशा कोऱ्या भागाला बिनधास्त "निगेटिव्ह, नॉर्मल" म्हटलं होतं, सरांनी काहीच न बोलता स्लाइड परत माझ्यापुढे सरकवली.) पण मला खरा हादरा दिला तो चट्ट्याच्या बाहेरच्या भागाने. साध्या स्टेनवर तिथे काहीच नाही, छान त्वचा, आणि पी५३ वर तिथेही तपकिरी ठिपक्यांचा एक पुंजका, कडेने कापल्यासारखा स्वच्छ.

२०१५ मध्ये इनिगो मार्टिनकोरेना आणि मंडळींनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या पापण्यांची त्वचा तपासली, चार माणसं, २३४ छोटे तुकडे, सगळी नॉर्मल दिसणारी. त्यात दर चौरस सेंटिमीटरला १४० च्या आसपास अशी म्युटेशन्स (जीनमधले बिघाड) निघाली जी पेशीला वाढायला मदत करतात. कॅन्सर एकही नाही. आता सांगा, माझ्या जिन्याच्या तळाशी नॉर्मल म्हणून काय लिहायचं?

त्यापुढची गंमत नॉच१ या जीनची. स्क्वॅमस कॅन्सरमध्ये हे बिघडलेलं सापडतं म्हणून आम्ही ते गुन्हेगारांच्या यादीत टाकलेलं. पण २०१८ मध्ये अन्ननलिकेचं नॉर्मल अस्तर तपासलं तर मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या माणसांत नॉच१ बिघडलेल्या पेशी १२ ते ८० टक्के, म्हणजे तिथल्या कॅन्सरमध्ये ते जितकं सापडतं त्यापेक्षाही जास्त! पुढे उंदरांमध्ये असंही दिसलं की नॉर्मल अस्तरातले असे काही पुंजके नुकत्याच उगवलेल्या गाठींनाच ढकलून बाहेर काढतात. म्हणजे बिघाड खरा, पण तो कुणाच्या बाजूने खेळतोय ते आधी बघायला लागतं.

मग चट्ट्याचा कॅन्सर होताना बदलतं काय? टीपी५३ ची एक प्रत बिघडलेली असते, दुसरीही जाते. पेशीला वाढताना ब्रेक लावणारं सीडीकेएन२ए जातं. मग क्रोमोसोमच फाटायला लागतात, कुठला तुकडा हरवतो, कुठला चार-चार प्रती होऊन बसतो, आणि माझ्या मते खरी भीती इथे सुरू होते. शिवाय काही चट्टे इम्यून सिस्टीमला ओळखच पटू देत नाहीत. ट्रान्सप्लांटनंतर इम्युनिटी दाबून ठेवलेल्या लोकांना हा कॅन्सर कितीतरी पटींनी जास्त होतो तो याच पहाऱ्याच्या अभावी.

आणि क्रमही जागेप्रमाणे वेगळा. तोंड-घशातल्या चट्ट्यांत क्रोमोसोम ९ वरचा सीडीकेएन२ए चा भाग फार लवकर जातो, १९९६ मध्ये कॅलिफानो आणि सिड्रान्स्की यांनी तिथला क्रम मांडला तेव्हाच चट्ट्याभोवतीच्या साध्या दिसणाऱ्या पेशींतही तेच बिघाड सापडले होते. गर्भाशयमुखात तर टीपी५३ बहुतेकदा शाबूत असतं, एचपीव्ही या विषाणूचं ई६ प्रोटीन पी५३ ला परस्पर मोडून टाकतं. मेलॅनोमा या त्वचेच्या वेगळ्या कॅन्सरवरच्या वेमुराफेनिब या औषधाने काही पेशंटना काही आठवड्यांतच त्वचेवर स्क्वॅमस गाठी आल्या, तपासल्या तर बऱ्याच गाठींत रास जीनचं म्युटेशन, बहुधा आधीपासून गुपचूप बसलेलं, औषधाने फक्त ढकललं.

तर मैत्रिणीचा पुढचा प्रश्न, "आईची जीन टेस्ट करू का?" नको म्हटलं. टीपी५३ निघेल, नॉच निघेल, आणि शेजारच्या चांगल्या त्वचेतही निघेल, मग त्याचं करायचं काय? यातले बहुतेक चट्टे कधीच कॅन्सर होत नाहीत, काही आपोआप जातातही. मी कॅन्सर म्हणते ते अजूनही एका रेषेवरून, पेशी बेसमेंट मेम्ब्रेन (त्वचेच्या वरच्या थराखालचा पातळ पडदा) ओलांडून खाली उतरल्या की नाही. चट्टा जाड व्हायला लागला, बुडाशी टणक लागला, दुखला, रक्त आलं, काही आठवड्यांत वाढला तर मला जीन नको, खोल तुकडा हवा. तिच्या आईचा पहिला तुकडा इतका पातळ होता की मला "तळ दिसत नाही, कार्सिनोमा नाकारता येत नाही" असं लिहावं लागलं. या वाक्यावर लोक सगळ्यात जास्त घाबरून फोन करतात, त्याचा अर्थ एवढाच की खालची रेषा माझ्या स्लाइडवर आलेलीच नाही. दुसऱ्या तुकड्यात ती आली, सलग होती, केराटोसिसच निघालं.