नवार, तंग आणि सिंच : आमची वाटचाल

आजोबा कलाभवनात विणकाम शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या या संस्थेतून बाहेर पडलेल्यांना नोकऱ्या मिळत, पण त्यांनी दांडिया बाजारातल्या एका खोलीत नवारीचे माग टाकले. बडोद्यातल्या मराठी घरांत तेव्हा पलंग म्हणजे नवारीचाच. पुढे दिवाण आणि फोमच्या गाद्या आल्या, नवारीचं गिऱ्हाईक आटलं. बाबांनी माग मोडीत न काढता त्यांच्यावर घोड्यांचे सुती तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळून धरणारे पट्टे, विणायला घेतले. टांगेवाले, वरातीच्या घोडीवाले आणि सौराष्ट्रात काठियावाडी घोडे पाळणारी मंडळी हे आमचं पहिलं गिऱ्हाईक.

वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन काउबॉयचं खोगीर आमच्या दुकानात माझ्या काळात आलं. एका निर्यातदारामार्फत सिंचचं काम मिळू लागलं. सिंच म्हणजे या खोगिराचा तंग. आपल्याकडच्या इंग्लिश खोगिराच्या तंगाला दोन्ही टोकांना दोन-दोन बकला असतात. सिंचला दोन्ही टोकांना एकेक मोठी कडी. उजवीकडे ती छोट्या पट्ट्यात अडकून राहते आणि डावीकडे लॅटिगो नावाचा लांब चामडी पट्टा तिच्यातून ओवून तंग कसतात. निर्यातदाराला सगळं डझनावारी आणि एकाच मापात हवं असायचं. कड्या निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्याच घाला, म्हणायचा. घोड्याच्या घामातल्या खारटपणाने मुलामा सुटतो, गंज चढतो आणि तो खरखरीत भाग थेट कातडीवर घासतो. पैसेही तारीख पे तारीख. शेवटी ते काम सोडलं. त्या वर्षी दिवाळीचा बोनस बाबांच्या मुदतठेवीतून दिला, पण स्टेनलेस स्टीलच्या कडीवर आम्ही जे अडून बसलो ते आजतागायत.

मग सरळ घोडेवाल्यांना विकायला लागलो आणि एक गोष्ट रोज दिसू लागली. खोगीर घेताना हात सैल सोडणारा माणूस तंगाच्या वेळी म्हणतो, ‘‘भाऊ, कोणताही द्या.’’ खोगिराखाली निदान जाड पॅड असतं. तंग मात्र कोपराच्या मागे, पातळ कातडीवर, थेट अंगाला आवळलेला असतो. खोगीर चढवताना घोडा कान मागे टाकतो, चावायला धावतो, पोट फुगवतो, तर त्याला खोडकर ठरवण्याआधी तंग काढून त्याखाली हात फिरवा. केस झडलेले किंवा कातडी सुजलेली असली तर खोड घोड्याची नाही.

आता आम्ही माप घेतल्याशिवाय सिंच देत नाही. पॅड आणि खोगीर घोड्यावर ठेवायचं, एका बाजूच्या खोगिराच्या कडीपासून टेप पोटाखालून दुसऱ्या बाजूच्या कडीपर्यंत न्यायचा आणि आलेल्या आकड्यातून १६ इंच वजा करायचे, दोन्हीकडचे आठ-आठ. ४६ आले तर ३० चा सिंच. हे माप कड्यांसकट, टोकापासून टोकापर्यंतचं. वेस्टर्न खोगीर मुळात रुंद छातीच्या, गोलसर क्वार्टर हॉर्स या अमेरिकन जातीच्या घोड्यासाठी घडलेलं. आपला काठियावाडी अंगाने सडपातळ. अमेरिकन घोड्यावरचं माप डोळे मिटून घेतलं तर सिंच लांब होतो, त्याच्या कड्या थेट खोगिराच्या कड्यांना भिडतात आणि कसायला जागाच उरत नाही. आखूड झाला तर कड्या खाली कोपराशी येतात आणि प्रत्येक पावलाला घासतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्याच उंचीवर यायला हव्यात.

आमचं खरं प्रेम मोहेरच्या दोरीवर. हा अंगोरा शेळीचा केस, सशाचा नव्हे. मोहेर मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतो, त्यामुळे दोरी महाग पडते आणि डॉलर वधारला की आमची झोप उडते. पण तो घाम बाहेर टाकतो, हवा खेळती ठेवतो आणि वापराने त्या घोड्याच्या अंगाचा आकार घेतो. विणताना दोन कड्या लाकडी चौकटीवर ताणून बांधतात, दोरी या कडीतून त्या कडीत फिरवत नेतात, मग मध्ये आडव्या पट्ट्या गुंफून सगळे पदर एका पातळीत धरतात. एक पदर जरी सैल राहिला तरी शेजारच्यावर जास्त भार येतो आणि तोच रुततो. म्हणून आमचे कारागीर काका चौकटीवरून काढायच्या आधी सतारीसारखी प्रत्येक दोरी बोटाने छेडून बघतात.

निओप्रीनची मागणी आहे, आम्ही ठेवतोही. ओल्या फडक्याने पुसला की साफ, घसरत नाही. पण बडोद्याच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना हा रबर उष्णता आणि घाम आत कोंडतो, म्हणून लांबच्या रपेटीला मी तो देत नाही. लोकरी अस्तर मऊ खरं, पण आपल्या रानात फिरवा, संध्याकाळी त्यातून गोखरू वेचत बसाल. मध्यभागी रुंद होणारा ‘रोपर’ सिंच बघून लोक भुलतात. तो फासा टाकून गुरं धरताना बसणारा हिसका पसरवण्यासाठी आहे. गुजरातेत फासा टाकून वासरू कोण धरतो, बापा? नुसत्या रपेटीला सरळ विणीचा पुरतो.

सिंच कितीही चांगला असला तरी एकदम आवळायचा नाही. आधी हलका कसा, घोडा थोडा चालवा, मग एक भोक, बसण्यापूर्वी पुन्हा एकदा. पुढचे पाय एकेक करून पुढे ओढले की तंगाखाली अडकलेल्या कातडीच्या सुरकुत्या सुटतात. मोहेर गार पाण्यात धुवा, साबण लावू नका, सावलीत वाळवा.

हल्ली मुलगी धंद्यात आली आहे. गिऱ्हाइकाकडून ती घोड्याचे दोन्ही बाजूंचे फोटो खोगिरासकट मागवते, आणि पाठवलेलं माप फोटोशी जुळेना झालं की आधी फोन, मग चौकटीवर दोरी. ऑर्डरला दोन दिवस जास्त लागतात. घाई असलेल्यांना आम्ही तयार सुती सिंच सुचवतो, तो स्वस्तही पडतो.