तुम्ही विचारलेत म्हणून: पुस्तक घ्यावे की ऑनलाइनच पाहावे?

गेली काही वर्षे मला एकच प्रश्न दोन सुरांत विचारला जातो. ज्यांना खरोखरच प्रवासाला निघायचे असते ते विचारतात, "गाईडबुक घेऊ की ऑनलाइनच बघू?" आणि ज्यांनी माझे कपाट पाहिलेले असते ते विचारतात, "सगळे फोनवर फुकट मिळत असताना तुम्ही अजून ही पुस्तके का घेता?" आजवर मी दोघांनाही "दोन्ही बघा" एवढेच सांगून विषय संपवत आलो. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण पुरेसे प्रामाणिकही नव्हते, कारण ज्या एका संध्याकाळमुळे माझे मत बनले ती मी त्यातून वगळत होतो.

मी स्वतः एके काळी पुस्तकांच्या विरोधात हिरिरीने बोलणारा होतो. लेखक हिंडून येतो, लिहितो, संपादन होते, छपाई होते, पुस्तक दुकानात येते आणि पुढची आवृत्ती निघेपर्यंत आणखी दोन-तीन वर्षे तेच विकले जाते. तेव्हा छापील माहिती वाचकाच्या हाती पडते तीच शिळी होऊन, असे मी म्हणत असे. यातले एक अक्षरही मी आज मागे घेणार नाही. माझा दुसरा मुद्दा असा होता की एका लेखकाच्या सांगण्यापेक्षा शंभर प्रवाशांचा अनुभव अधिक भरवशाचा असतो. हा मुद्दाही मला तेव्हा तितकाच बिनतोड वाटत होता.

वडिलांना एका बेटावरचे दीपगृह पाहायचे होते. त्यांचे वय तेव्हा बहात्तर होते आणि गुडघे दुखत असल्यामुळे हा प्रवास पुन्हा होईल अशी खात्री आम्हा दोघांपैकी कोणालाच नव्हती. नियोजन माझ्याकडे होते. त्यांनी तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीचे एक गाईडबुक आणून त्यात पेन्सिलने खुणा केल्या होत्या. ते मला म्हणाले, "यात दुपारनंतरच्या बोटीबद्दल काहीतरी लिहिले आहे, एकदा बघ." मी पुस्तक हातातही न घेता सांगितले, "बाबा, ते जुने आहे. मी सात ठिकाणी पाहिले आहे, परतीची शेवटची बोट साडेपाचची आहे."

पाच वाजता आम्ही धक्क्यावर पोहोचलो तेव्हा तिथे कोणीही नव्हते. तिकिटाच्या खिडकीची फळी खाली ओढलेली होती. बाजूला एक माणूस जाळे गुंडाळत बसला होता; त्याने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही काही विचारण्याआधीच मान हलवली. हंगाम संपल्यावर शेवटची बोट अडीचला सुटते आणि हंगाम दहा दिवसांपूर्वीच संपला होता. वडिलांची रक्तदाबाची रात्रीची गोळी पलीकडच्या काठावर, मुक्कामाच्या खोलीत होती. मी फोन काढून तीच सात पाने पुन्हा उघडू लागलो, जणू आणखी एकदा वाचल्याने बोट येणार होती. वडील बाकावर बसले, त्यांनी बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवले आणि ते पाण्याकडे पाहत राहिले. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर मला आजही बरे वाटले असते. त्या जाळेवाल्यानेच आम्हाला एका घरात रात्रीपुरती खोली मिळवून दिली, आणि पहाटेपर्यंत मी त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत जागा होतो. त्यांना काही झाले नाही. पण काही झाले नाही, हे माझ्या नियोजनाचे श्रेय नव्हते.

परत आल्यावर मी ती सात पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली. सातांपैकी सहांत त्या धक्क्याच्या नावातले एकच अक्षर चुकलेले होते आणि सहाही ठिकाणी तीच चूक होती. म्हणजे सहा जण तिथे गेले नव्हते. एक जण कधीतरी भर हंगामात गेला होता आणि पाच जणांनी त्याचे उतरवून घेतले होते. पानांच्या माथ्यावर "नुकतेच अद्ययावत" असे लिहिलेले होते, पण काय अद्ययावत केले आणि कोणी पडताळले, हे कुठेही नव्हते. ज्यांना मी सात साक्षीदार समजत होतो, त्यांत धड दोनही नव्हते. पुस्तकात मात्र वेळापत्रकाखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: दुपारनंतरची बोट फक्त हंगामात, धक्क्यावर फोन करून खातरजमा करावी. शेजारी क्रमांक होता. वडिलांची पेन्सिलची खूण नेमकी त्याच ओळीखाली होती.

तेव्हापासून मला "जुने की नवे" या प्रश्नापेक्षा "सांगणारा स्वतः तिथे गेला होता का, आणि चुकले तर त्याचे काही जाते का" हा प्रश्न मोठा वाटतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत प्रवासाच्या हस्तपुस्तिका काढणाऱ्या कार्ल बेडेकर यांच्याबद्दल अशी गोष्ट सांगितली जाते की मिलानच्या कॅथेड्रलचा जिना चढताना ते दर वीस पायऱ्यांना एक वाटाणा एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकत, म्हणजे पायऱ्यांची मोजणी चुकू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो आकडा खरा असण्याची किती गरज असते, हे मी पाहिले आहे. याउलट २०१७ मध्ये लंडनमधल्या एका लेखकाने आपल्या शेडला उपाहारगृहाचे नाव दिले, ओळखीच्या लोकांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेतले आणि अस्तित्वातच नसलेले ते ठिकाण प्रवाशांचे अभिप्राय छापणाऱ्या ट्रिपअ‍ॅडव्हायझर या संकेतस्थळाच्या यादीत शहरातले पहिल्या क्रमांकाचे उपाहारगृह ठरले. ते अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी एकालाही त्याबद्दल कोणाला जाब द्यायचा नव्हता.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की मग पुस्तकच घ्यावे. पण इथेच माझे जुने मत मला गप्प बसू देत नाही. त्या वर्षी हंगामाची तारीख बदलली असती, तर तेच पुस्तक आम्हाला तसेच तोंडघशी पाडू शकले असते. पुढे एका प्रवासात मी पुस्तकावर विसंबून ज्या संग्रहालयासाठी वाट वाकडी केली, ते दुरुस्तीसाठी बंद होऊन वर्ष उलटले होते. कोणा प्रवाशाने दारावरच्या पाटीचा फोटो महिन्यापूर्वीच ऑनलाइन टाकला होता आणि मी तो शोधलाही नव्हता. संप, दरड, बर्फामुळे बंद पडलेला घाट यांबद्दल कोणतेही पुस्तक काही सांगू शकत नाही. व्हिसाचे नियम तर संबंधित सरकारच्या संकेतस्थळाशिवाय दुसरीकडे कुठेही वाचू नयेत, पुस्तकातही नाही. आणि वडिलांना चढवेल का हे ठरवताना मला सर्वांत उपयोगी पडतात ते अनोळखी लोकांनी सहज काढलेले जिन्यांचे आणि उंबरठ्यांचे फोटो, ज्यांत पायऱ्या एकेक करून मोजता येतात. असा फोटो छापण्याचा विचार कोणत्याही गाईडबुकाने केलेला मी पाहिलेला नाही.

खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी ऑनलाइन माहिती जितकी चुकली, त्याहून अधिक मी चुकलो. क्रमांक समोर होता, फोन माझ्या हातात होता, आणि मी तो केला नाही, कारण सात पाने सहमत आहेत म्हटल्यावर विचारण्यासारखे काही उरले आहे असे मला वाटलेच नाही. पुस्तक वाचले असते तरी मी फोन केला असता का, याचे उत्तर मी आजही छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही. म्हणूनच "तुम्ही पुस्तकवाले झालात" असे कोणी म्हटले की मला ते बोचते. मी पुस्तके घेतो ती कोणत्या प्रदेशात किती दिवस घालवावे, काय सोडून द्यावे आणि कशाच्या जवळ काय आहे, हे एका डोक्याने सलग विचार करून सांगितलेले मला हवे असते म्हणून. बोटीची वेळ मी आता त्यांनाही विचारत नाही.

मागच्या वर्षी त्याच गाईडबुकाची नवी आवृत्ती दुकानात दिसली, तेव्हा मी उभ्या उभ्या ते पान उघडले. धक्क्याचे नाव बरोबर होते, पण खातरजमा करण्याची ती बारीक ओळ काढून टाकलेली होती. फोन क्रमांकही नव्हता. त्याच्या जागी एका संकेतस्थळाचा पत्ता छापला होता आणि पुढे लिहिले होते की वेळा तिथे पाहाव्यात. मी पुस्तक विकत घेतले, घरी आल्यावर वडिलांच्या जुन्या प्रतीतून तो क्रमांक शोधला आणि पेन्सिलने नव्या पानाच्या कडेला लिहून ठेवला. तो अजून चालू आहे की नाही, हे पाहण्यासाठी मी फोन केला. दोनदा रिंग वाजल्यावर एका बाईंनी उचलला.