वजनाची ऊब

जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जायचे ठरले आहे. बर्फातली ही माझी पहिलीच भटकंती असल्यामुळे मागवलेली पिसांची स्लीपिंग बॅग काल दुपारी माजघरात पसरून पाहत होते, तेवढ्यात आजीने ती एका हाताने उचलली आणि म्हणाली, "काय गो हे पांघरूण? नुसती हवाच हाय की आत." शास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे अगदी बरोबर होते, कारण पिसांमध्ये अडकलेली, जागच्या जागी थांबलेली हवाच ऊब राखते, मात्र तिने ते कौतुकाने म्हटलेले नव्हते.

आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडे ऊब वजनावर जोखतात. जुन्या लुगड्यांचे थर लावून शिवलेली वाकळ अंगावर घेतली की कूस बदलायलाही जोर लावावा लागतो, आणि तसा तो लावावा लागला नाही तर ते पांघरूण कसले, असे घरातल्या सर्वांचे मत आहे. ही खोड माझ्यातही इतकी मुरली आहे की ऐन मे महिन्यात पंखा चालू असतानाही पायांवर काहीतरी जड असल्याशिवाय मला झोप लागत नाही.

सुगीच्या दिवसांत आजोबा खळ्यावर राखणीला झोपायला जात, आणि शनिवार आला की मीही हट्टाने त्यांच्या मागे लागे. जांबोटीच्या बाजूच्या त्या शिवारात रात्र चढत जाई तसे दव पडू लागे आणि पहाटे शेजारचे खळेसुद्धा धुक्यात दिसेनासे होई. पांघरुणाची आजोबांना फारशी फिकीर नसे. त्यांचा सारा वेळ खाली भाताचे पिंजर अंथरण्यात जाई. कोपरापर्यंत हात रुतेल इतका जाड थर झाला की त्यावर पोती, मग आम्ही दोघे, आणि सर्वांत वर घोंगडे. थंडी जमिनीतून येते, असे ते म्हणत. मला मात्र ती नाकाच्या शेंड्याला जाणवे, त्यामुळे त्यांचे म्हणणे मी मनावर घेत नसे. घोंगड्याला मेंढरांचा आणि धुराचा वास येई, त्याची लोकर मानेला टोचे, आणि वरून ते दवाने ओलसर झाले तरी आतली ऊब काही मोडत नसे.

आता तयारीसाठी वाचायला बसले, तर आजोबांचे पिंजरच पानोपानी भेटते आहे. बॅगेतली पिसे अंगाखाली चेपली की त्यांतली हवा निघून जाते आणि तेवढा भाग निरुपयोगी होतो, म्हणून खाली फोमची मॅट हवीच. बर्फावर झोपायचे तर एकीपेक्षा दोन बऱ्या. माझ्या खोडीची मात्र येथे पंचाईत झाली आहे, कारण जड काहीतरी वरून घेतले तरी पिसे चेपतातच, म्हणजे वाकळ बरोबर नेऊन ती बॅगेवर टाकली तर आहे ती ऊबही कमी व्हायची.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि केदारकंठ्याचे शिखर सुमारे ३,८०० मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश उतरतात असे धरले, तर नुसत्या उंचीनेच वीस अंशांचा फरक पडतो. उत्तरेकडचा हिवाळा आणि वारा वेगळाच. बॅगेच्या चिठ्ठीवर तीन तापमाने छापलेली असतात. त्यांतले सर्वांत खालचे, वाचायला मोठे भारदस्त वाटणारे तापमान हे सुखाने झोपण्याचे नसून कशीबशी रात्र निभावण्याचे असते, तेव्हा दुकानदार काहीही सांगो, आपण पाहायचा तो आरामाचा आकडा. सुती कपडे सगळे घरी ठेवले आहेत, कारण घामाने भिजलेले सूत लवकर वाळत नाही आणि अंगातली उष्णता ओढून घेते. त्यांच्या जागी लोकरीचे आतले कपडे, फ्लीस आणि वर वारा अडवणारे जाकीट आहे, शिवाय फक्त झोपताना घालायचे कोरडे मोजे. पाणी वरून गोठते, म्हणून बाटली उलटी ठेवायची. स्टोव्हच्या गॅसमधले ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायुरूप होणे सोडते, म्हणून प्रोपेन मिसळलेला गॅस लागेल, पण तो विमानात नेता येत नसल्यामुळे डेहराडूनला शोधावा लागणार आहे. मिळेल कुठेतरी.

हे सगळे पिशवीत बसते. जे बसत नाही ते असे की शरीराचे तापमान फार उतरले की कुडकुडणे थांबते, आणि काही वेळा त्या माणसाला एकाएकी उकडायला लागून तो अंगावरचे कपडे काढू लागतो. आजवर ऊब आहे की नाही हे मी अंगालाच विचारत आले, आणि नेमक्या त्या वेळी अंग खोटे बोलणार. म्हणून बरोबरच्यांना बजावून ठेवले आहे: माझी जीभ जड झाली, पाय अडखळू लागले, किंवा सगळे कुडकुडत असताना मी एकटीच जाकिटाची चेन उघडू लागले, तर मला कोरडे कपडे घालून सरळ बॅगेत घाला, आणि मला थंडी वाजते आहे का, हे मला विचारत बसू नका.