मण्यार, अंबू बॅग आणि तेविसावं स्तोत्र

अकोले तालुक्यात जुलैचा पाऊस लागला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात साप चावलेली माणसं येऊ लागतात. बहुतेकांनी साप डोळ्यांनी पाहिलेला असतो. हा १९ वर्षांचा मुलगा मात्र पहाटे पोट दुखतंय म्हणून आला होता. अंगावर खूण नाही, सूज नाही. पण रात्री तो जमिनीवर झोपला होता, आणि त्याच्या पापण्या आपोआप मिटत चालल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, मण्यार आहे." मण्यारीचे दात इतके बारीक की झोपेत चावली तर कळतही नाही.

प्रतिविषाच्या १० कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे हे एकच औषध आहे. पण मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांशी भिडलं की औषध देऊनही ते लगेच सुटत नाही. तोवर श्वास दुसऱ्या कोणीतरी चालू ठेवावा लागतो. मी त्याला एका दमात आकडे म्हणायला लावत होते. आधी १८ पर्यंत गेला, मग ११, मग ६. मान उचलेना, लाळ गिळता येईना. डॉक्टरांनी घशात नळी घातली आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, माझ्या हातात दिली. व्हेंटिलेटरची गाडी निघाली होती, पण वाटेत झाड पडून रस्ता बंद झाला होता.

मला भीती वाटली. बॅग दाबायची, सोडायची, पाच-सहा सेकंदांनी पुन्हा दाबायची. लय चुकू नये म्हणून मी मनात आकडे म्हणत होते, आणि आकड्यांच्या जागी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र कधी आलं ते कळलं नाही. "मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस."

हेच स्तोत्र मी २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या यजमानांच्या उशाशी म्हटलं होतं. करोनात ते गेले. नंतर कित्येक महिने या ओळी माझ्या तोंडून निघत नव्हत्या. आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी यायचे, समजूत न घालता नुसते बसून राहायचे. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. स्तोत्र रचणाऱ्या दावीदाने दरी टळेल असं कुठे म्हटलेलंच नाही, हे मला फार हळू उमगलं. बायबलमधले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो धगधगत्या भट्टीसमोर राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. माझा विश्वासही आता तेवढाच आहे, आणि तो मला पुरतो. त्या सकाळी मी मुलाचा जीव मागितला, कळवळून मागितला. पण देवाशी सौदा केला नाही.

थोड्या वेळाने त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, टॉर्च मारला तरी हलेनात. दारातून कोणीतरी बोललं, "गेला." डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "गेला नाही! मण्यारीत असं होतं. त्याला सगळं ऐकू येतंय, नीट बोला."

त्याची आई बाहेर कळसूबाईला नवस बोलत होती. तिला आत घेतलं.

"मावशी, त्याच्या कानाशी बोला."

"काय बोलू, बाई?"

"घरचं काहीही."

ती बोलू लागली. आवणीला कोण आलं, शेळी रात्री व्यायली, बाप रस्त्यावरचं झाड तोडायला गेलाय. माझं स्तोत्र मी मनातच ठेवलं. ज्याला नको म्हणायला बोटही हलवता येत नाही, त्याच्या कानात आपली प्रार्थना ओतणं मला बरोबर वाटत नाही. त्याला आईचा आवाज हवा होता, आणि तो आवाजही देवानेच दिलेला आहे.

मध्येच वीज गेली. अंबू बॅगेला वीज लागत नाही, हे त्या दिवशी केवढं मोठं वाटलं! वॉर्डातले मामा आणि मी आळीपाळीने बॅग दाबत राहिलो. मनगटं भरून आली की दुसऱ्याने घ्यायची, पण मध्ये एक श्वासही चुकवायचा नाही. गावकऱ्यांनी कुऱ्हाडींनी झाड तोडून वाट मोकळी केली आणि दुपारी गाडी आली.

काही दिवस व्हेंटिलेटरवर राहून तो बरा झाला. भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सगळ्यात जास्त भ्यालो ते कोणीतरी ‘गेला’ म्हणालं तेव्हा. मला ओरडायचं होतं, पण ओठच हलेनात." डॉक्टरांचा आवाज ऐकून त्याला धीर आला. शेळीला दोन पाटी झाल्याचंही त्याला तिथेच कळलं होतं.

पुढे मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासनेनंतर मी साक्ष दिली, हा अनुभव सगळ्यांना सांगितला. काहींना ती फक्त चमत्काराची गोष्ट वाटली. मी कुप्यांचं, नळीचं, मामांच्या मनगटांचं आणि कुऱ्हाडींचंही सांगितलं, कारण देवाने त्यांच्याच हातांनी काम केलं असं मी मानते. एका बहिणीने विचारलं, "मग तुमच्या यजमानांना का नाही वाचवलं?" मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. तिचा मुलगा त्या वेळी दवाखान्यात होता. आम्ही दोघींनी त्याचं नाव घेऊन प्रार्थना केली, आणि मी तिच्याबरोबर त्याला बघायला गेले.