आई, गुडघ्यात चमचमतंय

गेल्या शनिवारी रात्री पावणेअकराला फोन वाजला. कोरेगाव तालुक्यातल्या एका आईचा. "ताई, पोरगा म्हणतोय गुडघ्यात चमचमतंय, पण सूज काहीच नाय ओ, सकाळपर्यंत वाट बघू का?" मी म्हटलं अजिबात नको, दवाखान्याच्या डे केअरमधून घरी ठेवायला दिलेल्या फॅक्टरच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाच्या बाटल्या फ्रिजमधे आहेत ना, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या डोसप्रमाणे आत्ताच द्या, गुडघ्याला बर्फ लावा, उशी घालून पाय वर ठेवा आणि मग मला परत फोन करा.

मी सात वर्षं झाली हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार असलेल्या मुलांसाठी व्हॉलंटियर म्हणून काम करतेय आणि मला कुणी विचारलं की नक्की काय करतेस, तर खरं उत्तर हेच आहे, की "आत्ताच द्या" हे सांगते. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

लोकांना वाटतं या मुलांना जरा खरचटलं तरी रक्ताच्या धारा लागतात. तसं नसतं. रक्त जास्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहतं, कारण ते गोठवणारं फॅक्टर ८ नावाचं प्रथिन (काहींच्यात फॅक्टर ९) शरीरात कमी असतं किंवा जवळजवळ नसतंच. आणि खरा घात होतो तो आत, गुडघा, घोटा, कोपर असल्या सांध्यांमधे. बाहेरून काही दिसत नाही पण आत रक्त साठत जातं, आणि त्याच त्याच सांध्यात परत परत झालं की कुर्चा झिजते, सांधा आखडतो. फॅक्टर ८ कमी असलेली मुलं साधारण ५००० मुलग्यांमागे एक जन्माला येतात. म्हणजे दुर्मिळच, पण आपल्यासारख्या राज्यात हिशोब केला तर कितीतरी घरं झाली.

माझ्या आजोळी असंच एक घर होतं. माझा मामा. त्याला कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही, गावात सगळे 'लंगडा' म्हणायचे, आणि तो ओ द्यायचा. लहानपणी गुडघा सुजला की आजी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायची, तेल लावून चोळायची. इतक्या मायेने करायची ती. आणि शेक आणि मालिश दोन्हीने रक्त अजून वाढतं हे तिला सांगायला कुणी नव्हतं. पुढे एका दवाखान्यात दुखणं थांबावं म्हणून कमरेत इंजेक्शन दिलं, तर मांडीपर्यंत काळंनिळं होऊन मामा महिनाभर अंथरुणावर. आई सांगते, तो आधीच सांगायचा, "आये, आत काहीतरी व्हायलंय", आणि घरचे म्हणायचे शाळा चुकवायची नाटकं. हे वाक्य मला फार लागतं. त्याला कळत होतं ओ. सूज यायच्या कितीतरी आधी त्याला कळत होतं.

म्हणून ट्रेनिंगमधे मी आयांना पहिलं हेच सांगते की पोरगा जे म्हणतो त्यावर विश्वास ठेवा, चमचमतंय म्हणाला, गरम लागतंय म्हणाला, मुंग्या आल्यासारखं वाटतंय म्हणाला की सूज शोधत बसू नका.

मग शिरेत सुई घालायला शिकवतात. ते काम सिस्टर करतात, मी फक्त शेजारी बसते. बाटली फ्रिजमधून काढली की दोन तळव्यांमधे धरून तिचा गारवा घालवायचा, पावडरीत पाणी सोडलं की बाटली हलके गोल गोल फिरवायची, खळाखळा हलवायची नाही कारण फेस होतो. मग बटरफ्लाय सुई, म्हणजे पातळ नळी जोडलेली बारीक सुई. पहिल्यांदा स्वतःच्या लेकराच्या हातात सुई घालताना आईचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय, कोरेगावच्या याच बाईंचा अंगठा इतका थरथरत होता की सिस्टरनी त्यांचा हात आपल्या हातात धरला, आणि पोरगाच म्हणाला, "आई, हितं बघ, ही शीर चांगलीय." दहा वर्षांचा होता तेव्हा. नळीत लाल रक्त मागे आलं आणि बाई रडायलाच लागल्या, पण हात हलू दिला नाही. हळूहळू सगळं औषध गेलं, सुई काढली, कापूस दाबून धरला.

हिशोबही त्या चटकन शिकल्या. वजनाच्या एका किलोला एक युनिट फॅक्टर ८ दिलं की रक्तातलं प्रमाण साधारण २ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ३० किलोच्या मुलाला ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं तर ६०० युनिट. डोस डॉक्टरच ठरवतात, पण आईला हिशोब कळला की ती भीत नाही, आणि ऐनवेळी अनोळखी दवाखान्यात जायची वेळ आली तर नीट बोलू शकते. बारा तासांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून दुसरा डोस लागेल का हेही विचारायचं असतं.

सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहितीये? सासवांशी बोलण्यात. आजार मुलाला आणि दोष सुनेला. मी घरी जाऊन बसते, चहा घेते आणि सांगते की आजी, हे जीन आईकडून येऊ शकतं हे खरं, पण त्यात तिनं काय केलं, आणि साधारण तीनातल्या एका मुलाच्या घरात तर आधी कुणालाच नसतं, नवीनच सुरू होतं. माझ्या आईकडेपण हे जीन असू शकतं, तिच्या भावाला होतं म्हणून. मी माझी टेस्ट करून घेतली. आजींना हे सांगितलं की त्या जरा वेळ गप्प बसतात. एकदा एका आजींनी विचारलं, "मग तुझ्या आजीला कोण काय बोललं का गं?" बोलले होते, खूप बोलले होते.

बाकी कागदपत्रं असतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आहे, पण कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं. सर्टिफिकेटसाठी त्यांच्याबरोबर रांगेत उभं राहायचं, शाळेत जाऊन पीटीच्या सरांना सांगायचं की त्याला नुसतं बाकावर बसवून ठेवू नका, पोहू दे, चालू दे, स्नायू बळकट झाले तर सांधा सांभाळला जातो, फक्त कबड्डी नको. आणि दुखलं म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, घरी फोन करा.

तर त्या शनिवारी रात्री सव्वाअकराला बाईंचा परत फोन आला, "दिलं ताई, एकाच टोच्यात शीर गावली." मग मी झोपले.

सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो. बाई ब्लाऊज शिवतात, त्यांनी शिवणाची टेप दोन्ही गुडघ्यांना गुंडाळून फोटो काढले होते. खाली लिहिलं होतं, डावा साडेअकरा, उजवा साडेअकरा.