एकाच मासिकासाठी घडवलेलं पिवळं कपाट

स्वीडनमधल्या मराठी घरांत गेलात तर दिवाणखान्यात हमखास एक 'बिली' दिसतं. आयकियाचं हे पुस्तकांचं कपाट गिलिस लुंडग्रेन यांनी १९७९ साली डिझाइन केलं. खोली २८ सेंटिमीटर, फळ्या हव्या तशा वरखाली करायच्या. त्यात पुस्तकं राहतात, देव राहतात, मुलांची खेळणी राहतात, कुणाकडे तर मसाल्याच्या बरण्यासुद्धा. परक्या देशात पहिल्या पगारावर संसार मांडता येतो तो अशा वस्तूंच्या जिवावर, त्यामुळे मी बिलीला कधी नावं ठेवणार नाही.

पण मला ज्या कपाटानं वेड लावलंय ते अगदी दुसऱ्या टोकाचं आहे. 'नॅशनल जिओग्राफिक' या मासिकाचं नाव हेच त्याचं नाव. मात्स तेसेलियुस या डिझायनरनं ते केलं, १९९० साली, आणि वार्नामो गावातल्या शेलेमो या कंपनीनं ते बाजारात आणलं. रंग पिवळा, त्या मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या चौकटीचा. काम एकच: वर्षानुवर्षं जपलेले त्या मासिकाचे अंक ठेवणं. एका मासिकासाठी एक अख्खं कपाट!

आमच्या बाबांनी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलेले जुने अंक मी इकडे घेऊन आले आहे, ते सध्या बिलीतच आहेत. अंकाची रुंदी साडेसतरा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे मागे सरकवून ठेवले की पुढे दहा सेंटिमीटर फळी मोकळी उरते. त्या पट्टीवर किल्ल्या येतात, औषधाच्या गोळ्या येतात, बसचे पास येतात, आणि अंकांच्या पिवळ्या पाठी हळूहळू दिसेनाशा होतात. सगळ्यांसाठी केलेल्या कपाटात हे व्हायचंच. तेसेलियुसनं सुरुवातच दुसऱ्या बाजूनं केली. आधी अंक समोर ठेवले, मग त्यांच्याभोवती कपाट उभं केलं.

असं कपाट लाखांनी खपणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच शेलेमोची गोष्ट सांगायला हवी.

स्वीडिश डिझाइनची मुख्य वाट गेली शंभर वर्षं 'सर्वांसाठी' अशीच आहे. १९१९ साली ग्रेगोर पाउल्सन यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू सुंदर असाव्यात असा आग्रह धरणारी पुस्तिका लिहिली. १९३०च्या स्टॉकहोम प्रदर्शनानं साधेपणा आणि उपयुक्तता घराघरांत नेली. आयकियाचं मूळ गाव एल्महुल्ट याच वाटेवरचं. गंमत म्हणजे एल्महुल्ट आणि वार्नामो दोन्ही स्मोलांड प्रांतातली, गाडीनं साधारण तासाभराच्या अंतरावर. एका गावातून घरी जोडायच्या फर्निचरची सपाट खोकी जगभर जातात, दुसऱ्या गावातून मोजक्याच नगांच्या, क्रमांक घातलेल्या खुर्च्या.

त्या खुर्च्यांची सुरुवात यूनास बूलीन या डिझायनरपासून झाली. स्टॉकहोमच्या कोन्स्टफाक या कलाशाळेतून बाहेर पडताना त्यानं 'काँक्रीट' नावाची खुर्ची केली: पोलादी नळ्यांची चौकट, आणि पाठ व बैठक खरोखरच्या काँक्रीटची. इतकी वर्षं आराम आणि उपयोग यांवर पोसलेल्या लोकांना हे पचणं अवघडच होतं. वाद झाला. शेलेमोचे स्वेन लुंद यांनी मात्र ती उत्पादनात घेतली आणि शंभरच नग काढले. फर्निचर वापरून झिजू नये हे तर कुणीही म्हणेल. रोज बघून बघून डोळ्यांनाही ते झिजू नये, वीस वर्षांनीही त्याच्याकडे पाहावंसं वाटावं, ही लुंद यांची कसोटी होती. मला ती फार पटते.

इथल्या लिलावघरांत विक्रीआधी वस्तू मांडून ठेवतात. तिथं मी ती खुर्ची जवळून पाहिली. काँक्रीटमध्ये हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं होती, कडा बोटाला खरखरीत लागत होती. फोटोत ती दगडासारखी ठोकळेबाज दिसते. समोर उभं राहिल्यावर मात्र ती पातळ नळ्यांवर तोललेली, जवळजवळ नाजूक वाटली.

मर्यादित आवृत्ती म्हटलं की आपल्याला वाटतं, भाव चढवायची युक्ती. भाव चढतातही, बूलीनची ती खुर्ची आज संग्राहकांच्याच आवाक्यात आहे. तरी माझं मत वेगळं आहे. थोडेच नग काढायचे ठरवलं की डिझायनरला सगळ्यांना खूश करावं लागत नाही. आपल्यासारखाच कुणीतरी, अंकांची चळत रद्दीत द्यायला जीव न होणारा, एवढं गिऱ्हाईक पुरतं. मोठ्या कारखान्याला हे परवडत नाही. शेलेमोनं ते परवडवून दाखवलं, तेही स्मोलांडमधल्या फर्निचर उद्योगाच्याच हातांनी आणि यंत्रांनी. बाबांनी हे कपाट पाहिलं असतं तर त्यांनी किंमत विचारली नसती, आधी किती अंक मावतात ते विचारलं असतं.

तुमचं कुणी स्वीडनला येणार असेल तर त्यांना वार्नामोला जायला जरूर सांगा. स्वेन लुंद यांनी ध्यास घेतलेलं वांदालोरुम हे कला आणि डिझाइनचं संग्रहालय तिथं २०११ साली उघडलं. इमारतींची कल्पना वास्तुविशारद रेंझो पियानो यांची, लाकूड वाळवायच्या तिथल्या जुन्या कोठारांवरून सुचलेली. आणि स्टॉकहोममध्ये असाल तर लिलावघरांच्या मांडणीला जा. इथलं एक लिलावघर तर १६७४ सालापासून चालू आहे. बोली लावली नाही तरी कुणी काही म्हणत नाही, आणि हवं तितका वेळ वस्तूंजवळ उभं राहता येतं.